हातानं चालतो, रात्री अडकतो: टास्क शेड्युलरवर लावलेल्या एक्सेल मॅक्रोचं दुखणं

एका दूध संकलन केंद्राचा रोजचा रिपोर्ट मी विंडोजच्या टास्क शेड्युलरवर (ठरल्या वेळी काम आपोआप सुरू करणारी सोय) लावून दिला होता. मॅक्रो, म्हणजे एक्सेलच्या आतला छोटा प्रोग्राम, आधीच्या माणसानं लिहिलेला, मी फक्त वेळ बांधून दिली. रात्री २:३० ला एक छोटी स्क्रिप्ट एक्सेल उघडते, गावोगावच्या सीएसव्ही फायली (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर) वाचते, लिटर, फॅट, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) एका शीटवर मांडते, सेव्ह करून बंद होते. सकाळी केंद्र उघडायच्या आत कागद तयार. आठ-नऊ दिवस बिनबोभाट चालायचं आणि मग एका सकाळी क्लार्कचा फोन. "सर, आज परत रिपोर्ट नाही आला." हातानं चालवून बघितला का? "हातानं चालतोय की. आत्ताच काढला."

या "हातानं चालतोय की"नं माझे दोन महिने खाल्ले. टास्क पुसून नव्यानं केला. ऑफिस पुन्हा इन्स्टॉल केलं. अँटिव्हायरसवर संशय घेतला, तो बिचारा निर्दोष निघाला. शेवटी वहीत नुसत्या तारखा लिहून काढल्या तेव्हा दिसलं, की रिपोर्ट बंद पडायचा तो ११ तारखेला, २१ तारखेला आणि १ तारखेला. दुधाचं बिल दहा दिवसांचं असतं, हे माहीत असणाऱ्याला आता पुढचं सांगायला नको.

मॅक्रोत एक ओळ होती. दहा दिवस पुरे झाले की बिल तयार करून तो विचारायचा, "बिल तयार झाले. प्रिंट काढायची का?" होय किंवा नाही. दिवसा समोर माणूस बसलेला असतो, तो होय दाबतो. रात्री २:३० ला कोण दाबणार? एक्सेल उत्तराची वाट बघत बसून राहायचा. क्लार्कला विचारलं, असा काही बॉक्स येतो का? नाही म्हणाले. सकाळी स्वतःच्या हातानं होय दाबून प्रिंट काढलेली होती, पण ते इतकं अंगवळणी पडलेलं की आठवणीतच नव्हतं.

तुमच्याकडे असा बॉक्स नसेल, दुसरा असेल. पण शेड्युल केलेला एक्सेल "चालतच नाही" असं ज्या ज्या वेळी मला कुणी सांगितलं, त्यातल्या बहुतेक वेळी तो चालू झालेला होता आणि कुठल्यातरी ओकेसाठी अडून बसलेला होता. म्हणून आधी हे बघा की तो सुरूच होत नाहीये, की सुरू होऊन अडकतोय. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

अडकलाय हे कसं ओळखायचं

टास्क शेड्युलर उघडा आणि त्या टास्कच्या ओळीत स्टेटस बघा. रात्रीचं काम पाच मिनिटांचं, आणि सकाळी नऊ वाजता तिथे "रनिंग" लिहिलेलं असेल, तर झालं निदान. शेजारच्या लास्ट रन रिझल्टच्या रकान्यात ०एक्स४१३०१ दिसेल. त्याचा अर्थ टास्क अजून चालू आहे एवढाच, ती एरर नव्हे. लोक हा आकडा बघून उगाच घाबरतात.

उजवीकडच्या पट्टीत "एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी" असतं. ते सहसा बंद असतं, आज चालू करून ठेवा. मग टास्कच्या हिस्टरी टॅबवर घटनांचे नंबर दिसू लागतात. १०० म्हणजे सुरू झाला, १०२ म्हणजे संपला. ३२२ दिसला तर आधीचाच अजून चालू आहे म्हणून नवा सुरू केला नाही. ३२९ म्हणजे दिलेली मुदत संपली म्हणून टास्क थांबवला.

आता सेटिंग्ज टॅबवरच्या दोन मूळ निवडी एकत्र वाचा. एक, टास्क तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबव. दोन, आधीचा चालू असेल तर नवा सुरू करू नकोस. दोन्ही वेगवेगळ्या बघितल्या तर शहाणपणाच्या आहेत. पण ११ तारखेला पहाटे अडकलेला टास्क १२ ला आणि १३ ला नव्याला दारातच उभं करतो, आणि १४ ला बरोबर ज्या क्षणी त्याचे ७२ तास भरतात त्याच क्षणी नव्याची वेळ होते. एका रात्रीची चूक, आणि तीन-चार दिवसांचे रिपोर्ट गायब. आमच्याकडे तेवढं थांबावं लागायचं नाही, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वैतागून कुणीतरी कॉम्प्युटर बंद-चालू करायचं आणि सगळं सुरळीत व्हायचं. त्यामुळे "रिस्टार्ट केलं की बरं होतं" हा समज पक्का होत गेला, आणि मूळ कारण आणखी खाली दबलं.

मुदत एक तासावर आणा, आणि आधीचा चालू असेल तर त्याला थांबवून नवा सुरू कर अशी निवड करा. एवढं केलंत तर एका रात्रीचं नुकसान एकाच रात्रीत राहील. इलाज मात्र अजून झालेला नाही.

कारण टास्क थांबला म्हणून एक्सेल थांबत नाही. शेड्युलर आपली स्क्रिप्ट मारतो, पण स्क्रिप्टनं बोलावलेला एक्सेल हा तिचा मूल-प्रोसेस नसतो. त्याला विंडोजची एक वेगळी सेवा उठवते, म्हणून स्क्रिप्ट गेली तरी तो मागे राहतो. टास्क मॅनेजरमध्ये डीटेल्स टॅबवर बघा: स्क्रीनवर एकही एक्सेल उघडा नाही आणि यादीत तीन एक्सेल. त्यातला एक तुमची फाईल धरून बसलेला असतो. फोल्डरमध्ये लपलेल्या फायली दाखवायला सांगितल्या तर त्याच नावाची, पुढे लहरी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली चिमुकली फाईल दिसेल. तीच ती पकड. पुढच्या रात्रीचा एक्सेल तीच फाईल उघडतो तेव्हा ती फक्त वाचण्यासाठी उघडते, सेव्ह होत नाही, आणि मग आणखी एक अडकतो. क्लार्क मला अधूनमधून सांगायचे, "रीड ओन्ली म्हणतंय, मी दुसऱ्या नावानं सेव्ह केलं." मी "बरं बरं" म्हणून सोडून द्यायचो. खूण तीच होती.

स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच सगळे एक्सेल मारून टाकायचे, हा उपाय बरेच जण सांगतात. त्या कामासाठीच ठेवलेल्या मशीनवर चालेल. पण ज्या मशीनवर दिवसा कुणी हिशोब करतं आणि सेव्ह न करता घरी जातं, तिथे हे करू नका. मी एकदा केलं आहे, आणि दुसऱ्या दिवशीची बोलणी खाल्ली आहेत.

तो बॉक्स नेमका कुठला

टास्कच्या जनरल टॅबवर तात्पुरतं "रन ओन्ली व्हेन युजर इज लॉग्ड ऑन" निवडा, स्क्रिप्टमध्ये एक्सेलची व्हिजिबल प्रॉपर्टी ट्रू करा, वेळ पाच मिनिटांनंतरची लावा आणि हात मांडीवर ठेवून समोर बसा. काही दाबायचं नाही. हातानं फाईल उघडून बटण दाबणं ही चाचणी नव्हे, टास्कनं उघडलेल्या फाईलकडे बघणं ही चाचणी. आमच्यासारखी ठरावीक तारखेला येणारी अडचण असेल, तर फायलीची एक प्रत घेऊन तिच्यात त्या तारखेचा डेटा घालून बघा.

बॉक्स तीन जातीचे भेटतात. एक्सेलचे स्वतःचे, म्हणजे बदल सेव्ह करायचे का, त्याच नावाची फाईल आहे ती बदलू का. यांच्यासाठी डिस्प्ले अलर्ट्स फॉल्स करा. दुसऱ्या फायलींशी जोडलेल्या लिंक अपडेट करू का हा प्रश्न फाईल उघडतानाच मिटवा, वर्कबुक्स.ओपनला अपडेट लिंक्ससाठी ० द्या. दुसरी जात मॅक्रो लिहिणाऱ्यानं हौसेनं घातलेल्या मेसेज बॉक्सची. डिस्प्ले अलर्ट्स त्यांना हात लावत नाही, ते कोडमध्ये शोधूनच काढावे लागतात. सरळ काढून टाकलेत तर दिवसा वापरणारे नाराज होतात, म्हणून मी मॅक्रोला एक पॅरामीटर दिला: रात्री ट्रू येतो, तो आला की काही विचारायचं नाही आणि प्रिंटही काढायची नाही. तिसरी जात सगळ्यात वाईट, मॅक्रोत एरर आली की उघडणारी "एंड" आणि "डीबग" बटणांची. तिला एकच औषध: मुख्य मॅक्रोत ऑन एरर गोटू (एरर आली की कोडमधल्या ठरलेल्या ठिकाणी जा), आणि त्या ठिकाणी एररचा नंबर व मजकूर एका टेक्स्ट फाईलमध्ये लिहून, फाईल सेव्ह न करता बंद करून बाहेर पडणं.

ती टेक्स्ट फाईल पहिल्या दिवसापासून ठेवा. सुरू झाला, फाईल उघडली, इतक्या ओळी वाचल्या, सेव्ह केली, एक्सेल बंद केला, प्रत्येकासाठी वेळेसकट एक ओळ. "उघडली" आहे आणि "सेव्ह केली" नाही, तर अडचण त्या दोघांच्या मध्ये आहे. शेड्युलरच्या ०एक्स० वर विसंबू नका. त्याचा अर्थ स्क्रिप्ट गुपचूप संपली इतकाच. आत ऑन एरर रिझ्यूम नेक्स्ट (एरर सोडून पुढच्या ओळीवर जा) लावून ठेवलं असेल तर रिपोर्ट कोरा राहूनही ०एक्स०च येतो.

स्क्रिप्ट व्हीबीएसची (व्हीबीस्क्रिप्ट, विंडोजची जुनी स्क्रिप्टची भाषा) असेल तर ती चालवणारे विंडोजचे दोन प्रोग्राम आहेत; डब्ल्यूस्क्रिप्टनं न चालवता सीस्क्रिप्टनं चालवा. डब्ल्यूस्क्रिप्ट स्वतःची एररही बॉक्समध्येच दाखवतो, म्हणजे पुन्हा तेच.

लॉग इन असताना की नसतानाही

"रन व्हेदर युजर इज लॉग्ड ऑन ऑर नॉट" ही निवड बघून वाटतं, वा, हेच तर हवं. पण तेव्हा काम तुमच्या स्क्रीनवर नव्हे, पडद्यामागच्या वेगळ्या सेशनमध्ये चालतं. बॉक्स आला तरी तो कुणाला दिसू शकत नाही, आणि माणसाविना अशा पद्धतीनं ऑफिस चालवण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. ऑफिस बनलंय ते समोर माणूस आहे असं धरून. तरीही लोक चालवतात आणि बऱ्याचदा ते चालतंही. सिस्टिम अकाउंटखाली (विंडोजचं स्वतःचं अंतर्गत खातं) चालवताना फाईल उघडतच नसेल, तर विंडोज फोल्डरमधल्या सिस्टिम३२ च्या कॉन्फिग, त्यात सिस्टिमप्रोफाईल, त्यात डेस्कटॉप नावाचा रिकामा फोल्डर तयार करतात. ६४ बिट विंडोजवर ३२ बिट ऑफिस असेल तर तोच फोल्डर सिसवाव६४ खाली. रिकामा फोल्डर केल्यानं एक्सेल चालू लागतो हे सांगितलं तर लोक हसतात, पण लागतो.

मी स्वतः आता साधा मार्ग घेतो. एक वेगळा युजर, तो कायम लॉग इन, स्क्रीन लॉक, आणि टास्क "लॉग इन असतानाच" वर. लॉक आणि लॉग आउट यांतला फरक मात्र संध्याकाळी कुलूप लावणाऱ्याला समजावून सांगावा लागतो. यातला धोका उघड आहे: रात्री लाईट गेली किंवा विंडोज अपडेटनं मशीन रिस्टार्ट झालं, की लॉग इन कुणीच नाही आणि टास्कही नाही.

लाईटीचा विषय निघालाच आहे तर हे बघा. कंडिशन्स टॅबवर "कॉम्प्युटर एसी पॉवरवर असेल तरच सुरू कर" ही खूण आधीपासून केलेली असते. लॅपटॉपवर तिचा अर्थ कळतो. पण डेस्कटॉपला यूपीएस यूएसबी वायरनं जोडला असेल तर विंडोज त्यालाही बॅटरीच समजतो. लाईट गेली, यूपीएस वाजायला लागला, २:३० झाले, टास्क सुरूच झाला नाही. खूण काढून टाका. शेजारची "बॅटरीवर गेल्यास थांबव" हीही. आणि सेटिंग्जमध्ये "वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव" ही खूण करा, म्हणजे मशीन सकाळी चालू झाल्यावर तरी काम होईल. मशीन स्लीपमध्ये जात असेल तर टास्कमधली "वेक द कॉम्प्युटर" आणि पॉवर ऑप्शन्समधले वेक टायमर, दोन्ही लागतात.

सुरूच होत नसेल तर

हे सोपं प्रकरण आहे. स्टार्ट इन हा रकाना रिकामा सोडला तर स्क्रिप्टचं चालू फोल्डर सिस्टिम३२ होतं आणि नुसत्या नावानं दिलेली फाईल सापडत नाही. भरलात तर त्यात अवतरणचिन्हं घालू नका, नावात मोकळी जागा असली तरीही. घातलीत की ०एक्स८००७०१०बी. प्रोग्रामच्या रकान्यात मात्र अवतरणचिन्हं चालतात, ही विसंगती माझी नव्हे. झेड ड्राइव्ह वगैरे जोडलेले नेटवर्क ड्राइव्ह तुमच्या लॉग इनपुरते असतात, पडद्यामागच्या सेशनला ते दिसत नाहीत, तिथे सर्व्हरच्या नावापासून सुरू होणारा पूर्ण पत्ता द्या. ०एक्स८००७०५२ई आला तर पासवर्ड बदललाय आणि टास्ककडे जुनाच आहे. पिन चालत नाही, खरा पासवर्ड लागतो.

इंटरनेटवरून किंवा मेलवरून आलेल्या फायलींतले मॅक्रो २०२२ पासून ऑफिस मुळातच अडवतो. फाईलवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक. आणि एक्सेल स्क्रिप्टनं उघडला तर ॲड-इन आणि पर्सनल मॅक्रो वर्कबुक आपोआप उघडत नाहीत, ऑटो ओपन नावाचा मॅक्रोही आपोआप चालत नाही. वर्कबुक ओपन हा इव्हेंट चालतो. "घरी चालतं, शेड्युलरवर मॅक्रो सापडत नाही म्हणतं" याचं कारण बहुतेक यातच असतं.

चालतो, पण आकडे चुकतात

बॉक्सचा निकाल लागल्यावर आम्हाला वाटलं सुटलो. पुढच्या बिलात एका गावाचं दूध मार्च महिन्यात जमा झालेलं. तेव्हा जुलै चालू होता.

सीएसव्हीत तारीख ०३/०७ अशी, म्हणजे ३ जुलै. फाईल डबल क्लिक करून उघडली तर एक्सेल विंडोजची भारतीय पद्धत बघतो आणि ३ जुलैच वाचतो. तीच फाईल मॅक्रोनं उघडली तर मूळ सेटिंगमध्ये तो अमेरिकन पद्धतीनं, महिना आधी धरून वाचतो: ७ मार्च. १२ पर्यंतच्या तारखा अशा उलटतात, १३ पासूनच्या उलटता येत नाहीत म्हणून मजकूर म्हणून पडून राहतात. दहा दिवसांच्या बिलाला हे कसं लागतं बघा. महिन्याचं पहिलं बिल, १ ते १०, जवळजवळ संपूर्ण उलटं, आणि दिसायला एकदम व्यवस्थित. दुसऱ्यात ११ आणि १२ उलटे, बाकी मजकूर. तिसऱ्यात सगळा मजकूर, त्यामुळे बेरीज शून्य, आणि तेच एकटं ताबडतोब पकडलं जातं. इलाज एका शब्दाचा आहे, वर्कबुक्स.ओपनला लोकल ट्रू द्या. सिस्टिम अकाउंटखाली चालवत असाल तर तेही पुरणार नाही, कारण त्या अकाउंटची तारखेची पद्धत तुमची नसते. तिथे तारीख मजकूर म्हणून वाचा आणि दिवस, महिना, वर्ष स्वतः तोडून डेट सीरियल या फंक्शननं जोडा.

जुना आकडा नव्या तारखेनं येत असेल तर रिफ्रेश ऑलकडे बघा. बाहेरून डेटा आणणारी क्वेरी बॅकग्राउंडला चालू ठेवून मॅक्रो पुढे सेव्ह करून मोकळा होतो. क्वेरीच्या प्रॉपर्टीजमध्ये बॅकग्राउंड रिफ्रेशची खूण काढा.

आणि एक दुखणं खास आपलं. व्हीबीएचा, म्हणजे मॅक्रो ज्या भाषेत लिहितात तिचा, एडिटर देवनागरी जाणत नाही. शीटचं नाव "संकलन" आहे म्हणून कोडमध्ये ते चिकटवलंत तर प्रश्नचिन्हांची रांग उमटते आणि रात्री "सबस्क्रिप्ट आउट ऑफ रेंज" येतं. शीटला तिच्या कोड नेमनं (एडिटरमध्ये दिसणारं तिचं अंतर्गत नाव) हाक मारा, वर टॅबवर नाव मराठी राहू दे. स्क्रिप्टमध्ये मराठी फोल्डरचं नाव लागत असेल तर व्हीबीएस फाईल नोटपॅडमधून यूटीएफ-१६ एलई या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) सेव्ह करा, यूटीएफ-८ तिला कळत नाही. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेल ५.१ ला (स्क्रिप्टची नवी भाषा) यूटीएफ-८ कळतं, पण बीओएमसकट (फायलीच्या सुरुवातीची एन्कोडिंगची खूण) सेव्ह केलेलं. मी फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत ठेवली आणि हा वाद मिटवला.

नव्यानं करणार असाल तर व्हीबीएस घेऊच नका. मायक्रोसॉफ्टनं २०२३ मध्ये ती निवृत्तीच्या वाटेवर असल्याचं जाहीर केलं आहे. पॉवरशेलमध्ये लिहा, आणि एक्सेल बंद करण्याची ओळ फायनलीच्या भागात ठेवा, म्हणजे मधे काही फिसकटलं तरी ती चालते. ॲप्लिकेशन.ऑनटाइमवर, म्हणजे ठरल्या वेळी मॅक्रो चालवायच्या एक्सेलच्या स्वतःच्या सोयीवर, रात्रीचं काम सोपवू नका. एक्सेल उघडा असेपर्यंतच त्याची आठवण टिकते, आणि कुणी एखादा सेल एडिट करता करता उठून गेलं तर तो तसाच ताटकळत राहतो. डेटा गुगल शीट्समध्ये असेल तर ॲप्स स्क्रिप्टचा टाइम ट्रिगर बरा, मशीन बंद असलं तरी चालतो. फक्त एका वेळी ६ मिनिटांच्या वर चालू देत नाही, आणि दोनची वेळ दिली की दोन ते तीनच्या मधे केव्हातरी येतो. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये टाइम झोन बघून घ्या.

आमच्या केंद्रावर आता रात्री बिल तयार होतं आणि प्रिंट सकाळी क्लार्क काढतात, शीटवर त्यासाठी बटण ठेवलंय. पहिल्याच ११ तारखेला त्यांचा फोन आला, "सर, तो प्रिंटचा बॉक्स आला नाही आज."